बकुळीची खरड छाटणी

एप्रिलमध्ये सगळं नाशिक सावली शोधत फिरतं. आमच्या घरी नेमकी त्याच महिन्यात सावली कापून फाटकाबाहेर तिचा ढीग घालायची रीत होती. रीत माझ्या सासऱ्यांची. ते निफाडकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातले, म्हणजे जन्माने बागायतदार आणि पोटापाण्याने एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले ऑपरेटर. वाटण्या झाल्या तेव्हा बाग धाकट्या भावाकडे गेली आणि यांच्याकडे नोकरी राहिली. नोकरीवाल्याच्या हातात छाटणीची कात्री शोभत नाही, असं तो भाऊ एकदा चारचौघांत म्हणाला होता. सासऱ्यांनी ते वाक्य वर्षानुवर्षं जपून ठेवलं. नाशिकरोडला प्लॉट घेऊन बंगला बांधला आणि मग सूड उगवायला घेतला. भावावर उगवता येत नव्हता, म्हणून झाडांवर.

ज्यांना द्राक्षातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरात फळासाठी होते ती गोडी छाटणी. एप्रिलमध्ये, माल निघून गेल्यावर, खरड छाटणी. तेव्हा प्रत्येक काडी एकदोन डोळ्यांवर, म्हणजे कोंबाच्या जागांवर, खरडून काढतात, वेल भर उन्हात नागडी उभी राहते आणि मग तिला नवी फूट येते. वेलीला ते मानवतं. पण सासऱ्यांच्या मते देवाने झाड म्हणून एकच वस्तू नीट बनवली होती, ती द्राक्ष. बाकीची सगळी झाडं म्हणजे द्राक्ष करताना बिघडलेला माल. तेव्हा एप्रिल आला की जास्वंद असो, पेरू असो, कढीपत्ता असो, सगळ्यांना एकच औषध.

मी या घरात १९९३ च्या फेब्रुवारीत आले. माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरपुढचं लिंबाचं झाड रेल्वेचं होतं, त्यामुळे त्याची काडी मोडायलाही अर्ज करावा लागेल अशी आमची समजूत होती. लग्नात बंगल्याभोवतीची गर्द झाडी बघून माझ्या आईने मनमाडभर सांगितलं, की पोरगी बागेत पडली. एप्रिलच्या शेवटी ती मला भेटायला आली आणि घर चुकलं असं समजून फाटकावरूनच परत फिरली. मी मागे धावले. आत पेरू छातीपर्यंत उरला होता, कढीपत्ता कमरेपर्यंत, जास्वंद गुडघ्यापर्यंत, आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर, घाव कुजू नये म्हणून, मोरचूद आणि चुन्याची निळी बोर्डो पेस्ट फासलेली. मधोमध सासरे उभे होते, तेही नुकतेच न्हाव्याकडून आलेले. विहीणबाईंना त्यांनी महिन्याने परत यायचं आमंत्रण दिलं.

महिन्याने फुटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. खोटं कशाला बोलू. विशेषतः शेवगा. आधी तो गच्चीच्याही वर गेलेला होता, त्याच्या शेंगा पोपट खायचे आणि आम्ही खाली उभं राहून बघायचो. छातीएवढा ठेवल्यावर त्याला अशी काही फूट आली, की पुढच्या वर्षी मी चूल, म्हणजे गॅस, पेटवून मग शेंग तोडायला जायचे. त्या शेवग्यानेच घात केला. एकदा बरोबर ठरलेला माणूस पुढे किती नुकसान करू शकतो याचा हिशोब कोणी मांडत नाही. सासऱ्यांना वाक्य सापडलं: "कापल्याबिगर फुटत नाय." हे वाक्य ते झाडांना लावत, नातवाच्या केसांना लावत, आणि मी शाळेत शिकवायला जायचे त्या शाळेच्या सुट्ट्यांनासुद्धा लावून बघत.

कॉलनीत शेवग्याची कीर्ती पसरली. रविवारी सकाळी माणसं बोलवायला येऊ लागली. सासरे पट्ट्याला कात्री अडकवून, हातात करवत घेऊन निघायचे, आणि डॉक्टर तपासतो तसं झाडाभोवती फिरून निदान सांगायचे. निदान ठरलेलंच असायचं. दोन-तीन वर्षांत आमच्या कॉलनीचा एप्रिल असा दिसू लागला, की नवखा रिक्षावाला विचारायचा, इथे आग लागली होती का.

मोरपंखीचं प्रकरण याच काळातलं. समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांचं अंबडच्या एमआयडीसीत मशिनचे सुटे भाग करायचं वर्कशॉप होतं. त्यांच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन मोरपंखी होत्या, डोक्याहून उंच, सारख्या, त्यांचा जीव की प्राण. शेंडे जरा खाली घ्यायचे होते, एवढंच. सासऱ्यांनी दोन्ही कमरेवर आणल्या, आतल्या तपकिरी लाकडापर्यंत, निळ्या टोप्या घातल्या आणि पंधरा दिवस थांबायला सांगितलं. पंधरा दिवस गेले. पावसाळा गेला. दिवाळीला त्या गृहस्थांनी दोन्ही खुंटांवर आकाशकंदील टांगले, कारण तेवढाच उपयोग उरला होता. सासऱ्यांकडे मात्र कारणांचा तुटवडा नव्हता. आधी पाणी कमी पडलं, मग पाणी जास्त झालं, मग जमीनच खारी, चोपण निघाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणही दुसऱ्याचं होतं. ते गृहस्थ आमच्याशी बोलायचे थांबले.

कापायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं, मोरपंखी जुन्या लाकडावर फुटत नाही. पण त्यांना कोण विचारतो? सासूबाई मखमलाबादच्या, भाजी आणि फुलं पिकवून बाजारात नेणाऱ्या घरातल्या. मोगऱ्याचं पाणी कधी तोडायचं, पाला कधी ओरबाडायचा, कोणतं झाड घाव सोसतं आणि कोणतं मनात ठेवतं, हे त्या लहानपणापासून जाणत होत्या. आमच्या घरात त्यांच्या ज्ञानाची किंमत आमटीतल्या कढीपत्त्याएवढी होती. फोडणीला हवा, आणि जेवताना ताटाच्या कडेला.

त्या प्लॉटमध्ये सासूबाईंनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे बकुळ. घर बांधलं त्याच वर्षी त्यांनी मागच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडाजवळ, वीतभर रोप लावलं. माहेरच्या विहिरीवर बकुळ होती. लग्न झालं आणि मग सगळा संसार क्वार्टरमध्ये गेला. इथे बंगल्यात आल्यावर आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत एक जुनी बकुळ होती, तिच्याखाली पहाटे बायकांची झुंबड उडायची आणि सासूबाईंच्या हाती ओंजळभर फुलं लागायची. एकदा मला म्हणाल्या, दुसऱ्याच्या झाडाखाली वाकून वाकून मान गेली, एकदा आपल्या दारातली फुलं निवांत बसून वेचायची आहेत, मग डोळे मिटले तरी चालेल. डोळे मिटायचं त्यांनी सहज म्हटलं, फुलांचं नाही.

बकुळ वाढायला सावकाश. १९९४ ला ती सासऱ्यांच्या छातीला लागली आणि त्याच एप्रिलमध्ये छातीवर कापली गेली. मग दरवर्षी. कापलं की तिला बोटाएवढे जाड फुटवे यायचे, काळीभोर पानं यायची, वर्षभरात ती पुन्हा डोक्यावर जायची आणि कळी धरायच्या आत पुन्हा एप्रिल यायचा. एका वर्षी सासूबाई आडव्या आल्या.

"बकुळ आहे ती. द्राक्ष नाय," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतं शेतीतलं," सासरे म्हणाले आणि शिडीवर चढले.

शेतकऱ्याची लेक बाजूला झाली. विजेवाल्याने करवत चालवली. माझा नवरा शिडी धरून आकाशाकडे बघत होता, जणू पाऊस यायचा होता. आणि मी? मी पेस्टचा डबा ढवळत होते. सांगते हे, कारण या सगळ्यावर हसायचा मला फार सराव आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मी सासऱ्यांची नक्कल करायचे, कमरेला पट्टी अडकवून, आणि टीचर्स रूम लोळायची. तेवढी धार माझ्या जिभेला होती. पण वर्षातून एकदा त्या कोपऱ्यात उभी असताना "बाबा, एवढं एक झाड राहू द्या" हे सहा शब्द मला नऊ वर्षांत जमले नाहीत. त्याची मला आजही लाज वाटते.

२००३ मध्ये होळीच्या सुमाराला सासरे पडले. कॉलनीतल्याच कोणाच्या तरी अशोकाचा शेंडा काढत होते, शिडी सरकली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. पडल्या पडल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे शेंडा पडला का. घरी आणल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी टाकली. तिथून मागचं अंगण दिसायचं, ऐकू यायचं. बकुळीचा कोपरा तेवढा न्हाणीच्या भिंतीआड होता, दिसत नसे.

एप्रिल आला. नवरा अंबडला त्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. सासऱ्यांनी मला हाक मारली, उशाखालून कात्री काढली आणि गादी सोपवावी तशा गंभीरपणे माझ्या हातात दिली. यंदा तू, म्हणाले. शेवगा, जास्वंद, पेरू मी कापले. त्यांना चालतं, हे आता मलाही कळत होतं. मग करवत घेऊन बकुळीपाशी आले. सासूबाई दगडावर धुणं धूत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, करवतीकडे बघितलं आणि पुन्हा धुण्याला लागल्या. काही बोलल्या असत्या तर मी कदाचित घाबरून कापलंही असतं.

"आवाज येईना, सूनबाई," खिडकीतून आलं.

मी म्हटलं, जागा बघतेय. सासूबाई उठल्या. बंबासाठी आदल्या वर्षीच्या शेवग्याचे वाळलेले ओंडके भिंतीला रचून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी ओढला, धुण्याच्या दगडावर आडवा टाकला, त्यावर पाय रोवला आणि मला खुणेने म्हणाल्या, चालव.

मी करवत चालवली. आतून सूचना येत होत्या. तिरका काप घे, पाणी साठलं नाही पाहिजे. हो बाबा. साल सोलू नको. नाही बाबा. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. काप पूर्ण गेला नाही, निम्म्यावर थांबले, ओंडका पुढेही लागणार होता. मग पेस्ट. सासरे हात तपासणार हे ठरलेलं होतं, म्हणून आम्ही ओंडक्याच्या कापाला व्यवस्थित बोर्डो पेस्ट लावली, ब्रशने, वाया जाऊ न देता. मी आत जाऊन निळे हात दाखवले. बरं जमलं, म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मानाने.

पुढच्या एप्रिलला तेच. तोपर्यंत सासरे वॉकर घेऊन पुढच्या व्हरांड्यापर्यंत यायला लागले होते, पण मागे उतरायला तीन पायऱ्या होत्या आणि त्या त्यांना जमत नव्हत्या. छाटणीच्या दिवशी ते मुद्दाम खिडकीशी येऊन बसले. आम्ही तोच ओंडका काढला आणि दुसरा काप घेतला.

२००५ च्या फाल्गुनात बकुळ फुलली. सकाळी स्वयंपाकघराच्या जाळीतून वास आत आला, मी पोळी तव्यावर टाकून मागे धावले. सासूबाई झाडाखाली पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी पितळी परात. वेचण्याची घाई नव्हती, एकेक फूल उचलून ते उलटं करून बघत होत्या आणि परातीत ठेवत होत्या. मीही तिथेच बसले. पोळी जळली. त्या दिवशी त्यांनी दोन माळा केल्या, एक देवाला आणि एक ट्रंकेत साड्यांच्या घडीत. वाळल्यावरही वास जात नाही म्हणाल्या.

वास काय, कोणाची परवानगी घेऊन थांबतो? तो पुढे व्हरांड्यात गेला. सासऱ्यांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि जाहीर केलं की दोन वर्षं नीट छाटणी झाली त्याचं हे फळ. निफाडला भावाला फोन केला. फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. खरड छाटणीने बकुळ फुलवणारा हा जगातला पहिला माणूस, आणि आम्ही दोघी आत माळ ओवत होतो. सासूबाई म्हणाल्या, मिरवू दे, मला फुलं मिळाली.

एका रविवारी कॉलनीच्या कमिटीतली तिघं जण आले. मोकळ्या जागेतल्या त्या जुन्या बकुळीला यंदा फुलं विरळ होती. तुमच्यासारखीच फुलवायची, म्हणाले. माणूस आणि करवत दुसऱ्या दिवशीसाठी ठरवून झाली होती, दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फक्त किती उंचीवर कापायचं ते सांगावं. सासऱ्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या आडवा हात छातीला लावून दाखवला. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्या झाडाखाली सासूबाई इतकी वर्षं वाकल्या होत्या, कॉलनीतल्या निम्म्या बायका अजून वाकत होत्या, आणि ते आमच्या लबाडीपायी जाणार होतं. सगळी हकिगत माझ्या जिभेवर होती. मी कप मांडत राहिले.

सासूबाई मागून आल्या. काखेत ओंडका होता. तो त्यांनी टीपॉयवर, कपांच्या मधोमध ठेवला. दोन काप, दोन्ही निळे.

"दोन वर्षं आम्ही हे कापतोय," त्या म्हणाल्या. "झाडाला कोणी हात लावला नाय, म्हणून ते फुललंय."

तिघंही चहात बघू लागले. सासऱ्यांनी ओंडका उचलला, तोलला, नखाने वाजवला.

"शेवगा हाय," ते शांतपणे म्हणाले. "मला पहिल्याच साली कळलं होतं. शेवगा पोकळ वाजतो. बकुळीला करवत अशी वाजत नाय."

पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. हे खरं होतं की तेवढ्यात सुचलं, मला आजही ठरवता येत नाही. शेवग्याचं लाकूड भुसभुशीत असतं, आवाज वेगळा येतो, आणि कान त्यांचे तिखट होते. पण दोन मेलेल्या मोरपंखींची तीन वर्षं कारणं देणारा माणूसही तोच होता. कमिटीवाले सुटल्यासारखे हसले. दादांना कोण फसवणार, असं एक जण म्हणाला. मलासुद्धा हसू फुटत होतं.

सासूबाई हसल्या नाहीत.

"कळलं होतं ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे कापल्याबिगर फुलतं हे ठावं होतं. मग आधीची नऊ वर्षं माझं झाड कशापायी कापलं?"

सासऱ्यांकडे मोरपंखीसाठी कारण होतं, पडण्यासाठी होतं, भावासाठी होतं. याला नव्हतं. कळलं होतं म्हणावं तर उत्तर द्यायला हवं, कळलं नव्हतं म्हणावं तर बागायतदाराला शेवगा ओळखता आला नाही. ते पाहुण्यांना म्हणाले की चहा गार होतोय. तिघांनी तो उभ्यानेच संपवला. दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत कोणी करवत आणली नाही.

त्या एप्रिलला त्यांनी कात्री मागितली नाही. सासूबाईंनीच ती त्यांच्या मांडीवर आणून ठेवली, खुर्ची शेवग्यापाशी ओढून दिली आणि हा कापा म्हणाल्या, याला चालतं. त्यांनी बसल्या जागी शेवगा कापला. छान कापला. ते त्यांना खरंच येत होतं.

नंतर एका सकाळी मी मागे गेले तर सासरे त्या तीन पायऱ्या एकट्याने उतरून बकुळीखाली उभे होते. वॉकर धरलेला, पायाशी फुलांचा सडा. त्यांना वाकता येत नव्हतं. सासूबाई दोन हातांच्या अंतरावर बसून वेचत होत्या, मान वर न करता.

"एक दे," ते म्हणाले.

"वेचा की," सासूबाई म्हणाल्या. "दारातलंच झाड हाय."

मी पुढे झाले, तर सासूबाईंनी मला नजरेनेच थांबवलं. उरलेली फुलं वेचली, परात उचलली आणि आत गेल्या. मग मी सासऱ्यांना पायऱ्या चढायला हात दिला. त्यांच्या पांढऱ्या केसांत दोन-तीन फुलं पडून अडकली होती. ती त्यांना दिसत नव्हती, आणि मी सांगितलं नाही.